गेटवेमागच्या सर्व्हरला त्याचा स्वतःचा पब्लिक आयपी द्यायचाय (कुपवाड एमआयडीसी)

लेथवाला_कुपवाड
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं कुपवाड एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे, सीएनसी आणि व्हीएमसी. आयटी असं वेगळं खातं नाही. मेंटेनन्सबरोबर कॉम्प्युटरचं लोढणंही माझ्याच गळ्यात आहे.

चाकणच्या ज्या कंपनीला आम्ही माल देतो त्यांनी आता डिस्पॅचची माहिती सिस्टिममधून सिस्टिममध्ये मागितली आहे. त्यांचा सर्व्हर आमच्या ईआरपी (कारखान्याचा माल-हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरला ४४३ पोर्टवर येऊन विचारणार, आणि आमचा सर्व्हर त्यांच्याकडे फायली टाकणार. अट अशी की दोन्ही वेळेला आमचा एकच पब्लिक आयपी दिसला पाहिजे आणि त्याच आयपीवरून ऑफिसातल्या पोरांचं यूट्यूब चालता कामा नये. तेवढा एक आयपी ते व्हाइटलिस्ट करणार, म्हणजे फक्त त्यालाच आत येऊ देणार.

लीज लाइन आहे, सोबत /२९ चा ब्लॉक, म्हणजे ओळीने आठ पत्ते (पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही). खरे आकडे इथे टाकत नाही. उदाहरणांसाठी राखून ठेवलेली २०३.०.११३ ची मालिका आहे, तीच वापरतो. समजा आमचा ब्लॉक २०३.०.११३.८/२९. त्यातला .९ प्रोव्हायडरचा, .१० आमच्या मायक्रोटिक राउटरच्या वॅन (बाहेरच्या) पोर्टवर, .११ ते .१४ नुसते पडून. सर्व्हर आत १९२.१६८.१.५० वर. ४४३ चं पोर्ट फॉरवर्डिंग केलंय, बाहेरून व्यवस्थित येतंय. पण सर्व्हर स्वतः बाहेर गेला की समोरच्याला .१० दिसतो. सर्व्हरच्या लॅन कार्डावर थेट .११ टाकून पाहिला तर नेटच बंद.

मालकांचं म्हणणं, पाच आयपीचे पैसे भरतोय आणि वापरतोय एक. कुणीतरी जरा इस्कटून सांगा.

कांदाभडंग
सोमवार, रात्री ९:५२

राउटरमध्ये डीएमझेड ऑन कर की भावा. त्यात १९२.१६८.१.५० टाक. विषय एंड.

मिरज_जंक्शन
सोमवार, रात्री १०:०५

एंड कुठला? घरगुती राउटरातलं डीएमझेड एवढंच करतं की ज्या पॅकेटला आत कुणी वाली नाही ते सगळं एका मशीनकडे ढकलतं. पत्ता .१० चाच राहतो, ऑफिसही त्याच्यावरून आणि सर्व्हरही त्याच्यावरून. वर सर्व्हरचे सगळे पोर्ट जगाला उघडे. धागाकर्त्याला नेमकं जे नकोय तेच पदरात पडेल.

मास्करेड म्हणजे बाहेर जाणाऱ्या सगळ्या पॅकेटवर राउटर स्वतःचा पत्ता लावतो तो नॅट (पत्तेबदल). त्याचा कारभार मार्केट यार्डातल्या अडत्यासारखा आहे. हळद कुणाच्याही शेतातली असो, सौद्यात ती अडत्याच्या नावावर लागते. खरेदीदाराला गाळा दिसतो, शेतकरी दिसत नाही. इथे एका शेतकऱ्याला स्वतःचा गाळा पाहिजे.

वायरमन_काका
सोमवार, रात्री १०:४८

लेथवाले, रूल लिहायला बसण्याआधी प्रोव्हायडरकडून एक गोष्ट कळून घ्या, बाकी सगळं तिच्यावर ठरतं. हा /२९ तुमच्यापर्यंत पोचतो कसा?

कधी कधी वॅन पोर्टसाठी वेगळा /३० देतात. त्यात कामाचे पत्ते दोनच, एक त्यांचा, एक तुमचा. आणि /२९ तुमच्या त्या पत्त्याकडे रूट केलेला असतो. तसं असेल तर तुम्ही सुखी. त्यांच्या राउटरला पक्कं ठाऊक असतं की हे आठही पत्ते लेथवाल्यांच्या राउटरपलीकडे आहेत, तो पॅकेट आणून टाकून मोकळा होतो. तुम्ही आत एक पोर्ट वेगळा काढायचा, ब्लॉकमधला एक पत्ता त्या पोर्टला, पुढचा सर्व्हरला. नॅट लागतच नाही, फायरवॉल तेवढा लावायचा.

पण तुमचे .९ आणि .१० एकाच /२९ मध्ये शेजारी बसलेत. म्हणजे ब्लॉक रूट केलेला नाही, थेट तारेवर आहे. अशा वेळी .११ साठी पॅकेट आलं की त्यांचा राउटर तारेवर एआरपीने (आयपी कुणाकडे आहे ते विचारायची रीत) विचारतो: .११ कुणाकडे आहे, मॅक (कार्डाचा स्वतःचा नंबर) सांगा. तुमचा सर्व्हर मायक्रोटिकच्या आतल्या अंगाला. त्याच्यापर्यंत तो प्रश्न जातच नाही. म्हणून कार्डावर .११ टाकल्यावर नेट बंद पडलं. प्रश्नाला ओ द्यायला हवी मायक्रोटिकने.

तर करायचं असं. वॅन पोर्टवर .१० शेजारी .११ जादा पत्ता म्हणून टाका, म्हणजे त्याची एआरपी मायक्रोटिक सांभाळेल. मग डीएसटी-नॅट: .११ वर ४४३ ला जे येईल ते १९२.१६८.१.५० कडे. मग एसआरसी-नॅट: १९२.१६८.१.५० कडून वॅनमधून जे बाहेर जाईल त्यावर .११ चा शिक्का. बहुतेक जण पहिला रूल लिहितात आणि दुसरा विसरतात. स्वतःचा पत्ता म्हणजे येतानाही तोच आणि जातानाही तोच.

आणि एसआरसी-नॅटचा रूल मास्करेडच्या वर पाहिजे. मायक्रोटिक वरून खाली वाचत येतो आणि पहिला जुळला तिथे थांबतो. मास्करेड वर असेल तर सर्व्हर .१० घेऊनच बाहेर पडणार, तुम्ही खाली काहीही लिहा. रूल बदलल्यावर सर्व्हरची जुनी कनेक्शनं कनेक्शन ट्रॅकिंगमधून (राउटरची चालू कनेक्शनांची यादी) काढून टाका. नॅटचा निर्णय कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटलाच होतो, चालू कनेक्शन जुनाच पत्ता धरून बसतं. त्यावर लोक तासन्तास डोकं फोडतात.

कराडची_प्राची
सोमवार, रात्री ११:१०

काकांच्या प्रतिसादाला +१. एक भर घालते. डीएसटी-नॅट आधी होतं आणि फायरवॉलचा फॉरवर्ड रूल नंतर तपासला जातो. त्यामुळे फिल्टरमध्ये परवानगी लिहिताना १९२.१६८.१.५० लिहायचं, .११ नाही. .११ लिहिलेला रूल कधीच जुळत नाही. मग वैतागून माणूस सगळंच उघडून ठेवतो.

सोर्समध्ये चाकणवाल्यांचे आयपी टाका. ते तुमचा व्हाइटलिस्ट करतायत तर तुम्ही त्यांचा का नको?

लेथवाला_कुपवाड
मंगळवार, दुपारी १:२०

प्रोव्हायडरच्या माणसाने फोनवर सांगितलं की ब्लॉक तारेवरच आहे, रूट केलेला नाही. रूट करून देता येईल का विचारलं तर अर्ज करा म्हणाला. तूर्त काकांच्या पद्धतीने केलं. .११ जादा टाकला, दोन्ही रूल लिहिले, क्रम बरोबर लावला, जुनी कनेक्शनं काढली.

आणि सर्व्हरचं नेट गेलं! ऑफिसचं मस्त चालू आहे, फक्त सर्व्हर बाहेर जाईना. एसआरसी-नॅटच्या रूलसमोरचा पॅकेटचा आकडा वाढतोय. डीएसटी-नॅटसमोर ठणठणीत शून्य. मोबाइल डेटावरून .११ उघडायला गेलो तरी ते शून्य काही हलेना.

कांदाभडंग
मंगळवार, दुपारी १:३१

रीस्टार्ट मारून बघ.

मिरज_जंक्शन
मंगळवार, दुपारी १:३८

भडंगशेठ, तुमचा सगळ्या रोगांवर एकच काढा. आकडे बघा की. जाणारी पॅकेट .११ चा शिक्का घेऊन जातायत, पण .११ साठी परत येणारं एकही मायक्रोटिकपर्यंत पोचत नाहीये. म्हणजे रूल ठीक आहेत. परतीची वाट दुसरीकडे जातेय.

वायरमन_काका
मंगळवार, दुपारी २:१५

बरोबर. त्यांचा राउटर .११ ची पॅकेट दुसऱ्या कुठल्यातरी मॅकला देतोय. लेथवाले, फायबरच्या मीडिया कन्व्हर्टरमधून निघालेली केबल सरळ मायक्रोटिकमध्ये जाते की मध्ये काही आहे? प्रत्यक्ष जाऊन बघा, आठवणीवर जाऊ नका.

लेथवाला_कुपवाड
मंगळवार, सायंकाळी ५:०५

मध्ये पाच पोर्टचा स्विच निघाला! रॅकच्या मागे, दोन केबल टायने पाइपला बांधलेला, वर कटिंग ऑइलची आणि धुळीची साय. त्यात तीन केबल. एक कन्व्हर्टरची, एक मायक्रोटिकची, तिसरी पीव्हीसी पट्टीतून वर जाऊन फॉल्स सीलिंगमध्ये गायब. तिचा माग काढत गेलो तर थेट गेटच्या केबिनमधल्या डीव्हीआरपाशी. जुन्या कॅमेरेवाल्याने मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून .११ डीव्हीआरलाच देऊन ठेवलाय.

खात्री करायला लिनक्सच्या लॅपटॉपला .१२ दिला, त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टला लावला आणि .११ ला अर्पिंग (एआरपीचा प्रश्न विचारणारी कमांड) मारलं. एका प्रश्नाला दोन उत्तरं, दोन वेगळे मॅक. एक मायक्रोटिकचा. दुसऱ्याचे पहिले तीन बाइट शोधले तर कॅमेरे बनवणारी कंपनी.

वायरमन_काका
मंगळवार, सायंकाळी ५:४०

वा. लॅपटॉप लावून बघितलंत हे झकास केलंत. फोनवर याचं निदान झालं नसतं.

डीव्हीआरची ती केबल काढा, त्याला आत लॅनमध्ये घ्या. तरी लगेच सुरू झालं नाही तर घाबरू नका. वरच्या राउटरच्या एआरपी यादीत डीव्हीआरचा मॅक काही काळ तसाच राहतो. सिस्कोच्या राउटरवर ही नोंद मुळात ४ तासांची असते. थांबा, नाहीतर प्रोव्हायडरला फोन करून .११ ची नोंद काढायला सांगा. त्यांना एका ओळीचं काम आहे.

कराडची_प्राची
मंगळवार, सायंकाळी ६:०२

अहो दादा, आयपीच्या भांडणापेक्षा मला त्या डीव्हीआरची जास्त काळजी वाटते. तो इतके दिवस फायरवॉलच्या बाहेर, उघड्या इंटरनेटवर बसलाय. २०१६ मधला मिराई बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या यंत्रांची फौज) अशाच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांवर पोसला होता. कंपनीने दिलेले डिफॉल्ट पासवर्ड वापरून आत शिरायचा आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने डाइन (Dyn) या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून आयपी सांगणारी सेवा) कंपनीवर असा मारा केला की मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. आत घेण्याआधी फॅक्टरी रीसेट, फर्मवेअर नवीन, पासवर्ड नवीन. आणि त्याला ईआरपीच्या नेटवर्कात ठेवू नका, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) टाका.

डीव्हीआरमध्ये कुणी शिरल्याचं दिसलं तर सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ६ तासांत कळवायचं असतं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. मायक्रोटिकचे लॉग डिफॉल्टने मेमरीत असतात, लाइट गेली की गेले. जुन्या एखाद्या पीसीवर सिसलॉग (लॉग साठवणारी सेवा) चालू करा.

बेदाणा_तासगाव
मंगळवार, रात्री ८:२५

धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. चेंबरचं तापमान दाखवणारा छोटा पीसी तिथे बसवलाय, घरून बघता यावा एवढीच इच्छा. नेट साधं फायबर ब्रॉडबँड. राउटरच्या वॅनला १००.७२ ने सुरू होणारा आयपी दिसतो, त्याच वायफायवरच्या मोबाइलवर व्हॉट इज माय आयपी बघितलं तर वेगळाच. काकांच्या रीतीने मलाही जमेल का?

मिरज_जंक्शन
मंगळवार, रात्री ८:५०

नाही जमणार. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ मध्ये खास प्रोव्हायडरांच्या आतल्या वापरासाठी राखला. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. तुमच्या राउटरच्या वर त्यांचा आणखी एक नॅट आहे आणि एका पब्लिक आयपीवर तुमच्यासारखे कितीतरी ग्राहक. तुम्ही घरच्या राउटरात कितीही पोर्ट उघडा, वरचा नॅट बाहेरचं कनेक्शन तुमच्यापर्यंत येऊच देणार नाही.

बेदाणा_तासगाव
मंगळवार, रात्री ९:०१

मग सगळ्यांना एकेक आयपी का देत नाहीत हे लोक? महिन्याला पैसे तर घेतात.

मिरज_जंक्शन
मंगळवार, रात्री ९:२०

आहेत कुठे द्यायला? आयपीव्ही४ मध्ये सगळे मिळून ४२९ कोटींच्या आसपास पत्ते. आयानाने (जगभरचे आयपी वाटणारी संस्था) शेवटचे मोठे ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून टाकले आणि आशियाच्या वाट्याला आलेला साठाही त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या ब्लॉकवर आला. तेव्हापासून काटकसरच चालू आहे. म्हणून तर लेथवाल्यांच्या मालकांचं दुःख मला पटतं. चार पत्ते पडून!

वायरमन_काका
मंगळवार, रात्री ९:४५

बेदाणेवाले, तुम्हाला पब्लिक आयपी लागतच नाही. घरून तापमान बघायचंय, जगाला दाखवायचं नाहीये. प्रोव्हायडर जादा पैसे घेऊन स्टॅटिक देत असेल तर घ्या, पण त्याआधी दोन गोष्टी बघा.

राउटरला आयपीव्ही६ मिळतोय का? मिळत असेल तर त्या पीसीला आपसूक स्वतःचा खराखुरा पब्लिक पत्ता असतो, मध्ये कुणाचा नॅट नाही. राउटरचा फायरवॉल आत येणारं अडवून ठेवतो, तिथे तेवढ्या पोर्टला वाट द्यायची. अडचण एवढीच की प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) बदलू शकतो आणि तुम्ही ज्या नेटवरून बघणार तिथेही व्ही६ हवा. मोबाइलवर तो सहसा असतोच.

नसेल तर एखादा स्वस्तातला व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या आणि कोल्ड स्टोरेजमधून त्याच्यापर्यंत वायरगार्डचा (व्हीपीएन) बोगदा टाका. फोनवरही वायरगार्ड. कनेक्शन तुमच्याकडून बाहेर निघतं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. कोल्ड स्टोरेजच्या बाजूला कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर वरचा नॅट थोड्या वेळाने तुम्हाला विसरेल आणि नेमकं रात्री चेंबर तापल्यावर चित्र येणार नाही.

औदुंबर_घाट
बुधवार, सकाळी ७:३०

सगळं वाचलं. माझं उलट मत. ईआरपी क्लाउडवर टाका, आयपी, एआरपी, डीव्हीआर, सगळ्यातून सुटका. २०१९ च्या महापुरात सांगलीत नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी मशीन चिखलात गेल्या. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. तेव्हा आधी माणसं आणि गुरं बाहेर काढतात, सर्व्हर कुणाला आठवतो?

लेथवाला_कुपवाड
बुधवार, सकाळी ९:१५

मुद्दा मान्य, पण आम्ही कुपवाडला, नदी आमच्यापासून लांब आहे. शिवाय शॉपफ्लोअरवरच्या मशीन ईआरपीशी सारख्या बोलतात. नेट गेलं की काम थांबलं असं मालकांना नकोय. बॅकअप रोज बाहेर जातो.

तर निकाल. डीव्हीआर काढला, रात्रभरात काही हललं नाही. सकाळी प्रोव्हायडरला फोन करून .११ ची एआरपी काढायला लावली आणि डीएसटी-नॅटसमोरचं शून्य पळायला लागलं. सर्व्हरवरून बाहेर .११, ऑफिसमधून .१०. चाकणवाल्यांची टेस्ट फाइलही पोचली.

आता नवीनच. ऑफिसातल्या पीसीवरून ईआरपी नावाने उघडला की लोड होत राहतो, १९२.१६८.१.५० टाकलं की उघडतो. बाहेरून नावाने छान चालतो.

वायरमन_काका
बुधवार, सकाळी १०:४०

हेअरपिन, म्हणजे आतून निघून राउटरवरून पुन्हा आतच वळणं. नाव .११ कडे बोट दाखवतं. पीसी .११ ला पॅकेट पाठवतो, मायक्रोटिक ते वळवून १९२.१६८.१.५० कडे देतो. सर्व्हर बघतो की विचारणारा १९२.१६८.१.२३, अरे हा तर आपल्याच वाड्यातला, आणि मायक्रोटिकला न विचारता उत्तर थेट त्याच्या हातात ठेवतो. पीसी मात्र .११ च्या उत्तराची वाट बघत असतो. १९२.१६८.१.५० कडून आलेलं तो ओळखत नाही, टाकून देतो.

हेअरपिनचा मास्करेड लावला की चालतं, पण मग सर्व्हरच्या लॉगमध्ये ऑफिसातली सगळी माणसं राउटरच्या एकाच पत्त्याने दिसतात. कुणी कुठली नोंद बदलली ते शोधायची वेळ आली की बोंब. मायक्रोटिकच्या डीएनएसमध्ये त्या नावाला आतला पत्ता देणं हे दोन मिनिटांचं काम, आज तेवढं करा.

सवडीने सर्व्हर वेगळ्या सबनेटमध्ये न्या, १९२.१६८.५० मध्ये म्हणा. मग उत्तराला मायक्रोटिकमधूनच परतावं लागतं आणि हा घोळ मुळातच उरत नाही. फक्त डीएसटी-नॅटच्या रूलमध्ये वॅन इंटरफेसची अट ठेवू नका, डेस्टिनेशन .११ एवढीच ठेवा. प्राचीताईंचा डीव्हीआरचा व्हीलॅन करणार आहातच, त्याच बैठकीत हेही उरका.

लेथवाला_कुपवाड
बुधवार, दुपारी १२:३०

डीएनएसची नोंद टाकली, चाललं. सबनेटचं रविवारी, मशीन बंद असतात तेव्हा. एकच शेवटचं. ईआरपी डिस्पॅचचे मेलही स्वतःच पाठवतो. आता ते .११ वरून जाणार. काही वेगळं करावं लागेल का?

कराडची_प्राची
बुधवार, दुपारी १:०५

मेल तुमच्या मेल सेवेच्या सर्व्हरवर लॉगिन करून जात असतील तर काही नाही. ईआरपी थेट समोरच्याच्या २५ पोर्टवर जात असेल तर दोन कामं. डोमेनच्या एसपीएफ (कुठले आयपी तुमचे मेल पाठवू शकतात ती) नोंदीत जुना .१० असेल तिथे .११ घाला. आणि .११ ची रिव्हर्स डीएनएस नोंद (पीटीआर, आयपीवरून नाव सांगणारी) लागेल. ती तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये होत नाही. ब्लॉक ज्यांचा, त्यांच्याकडेच असते. रूट करून मागण्याचा अर्ज देणारच आहात, त्यातच पीटीआरचीही एक ओळ लिहा. नाव असं द्या की ते पुढे .११ लाच सुटलं पाहिजे, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाईल.

कांदाभडंग
बुधवार, दुपारी १:२०

बाकीचे .१२, .१३, .१४ अजून पडूनच हायत की भावा. भाड्याने देतोस काय?